बॉनेटखालचा खोटा नंबर

व्हर्ना स्टॉलकपला राग यायला तसा फारसा वेळ लागत नसे. पण त्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या प्रीस्ट ग्रेडच्या चढावर तिला जो संताप आला तो कुणा माणसाचा नव्हता, स्वतःच्या गाडीचा होता.

खाली तळ्याच्या अंगाला वणवा पेटला होता. व्हर्ना आणि तिच्यासारखी दहाबारा माणसं आपापल्या गाड्यांना घोड्यांचे ट्रेलर जोडून लोकांची जनावरं वर ग्रोव्हलँडला पोचवत होती. तिच्या ट्रेलरमध्ये दोन घोड्या आणि एक आंधळं खेचर होतं. चढ निम्मा झाला आणि गाडीनं मान टाकली. तीस मैलांवरून पंचवीस, पंचवीसवरून बावीस. पाय पार तळाला टेकला होता, इंजिन नुसतं घरघरत होतं, आणि मागं जीव मुठीत घेऊन निघालेल्या लोकांची अर्धा मैल रांग लागली होती. वळणावर एकानं काच खाली करून ओरडून सांगितलं, "आजीबाई, चालत गेलात तर लवकर पोचाल!"

शब्द झोंबला, कारण खरा होता. आणि व्हर्नाला तो ऐकवणं म्हणजे सुताराला त्याच्याच घरची डुगडुगती खुर्ची दाखवण्यासारखं होतं. सव्वीस वर्षं तिनं जिल्ह्याच्या शाळांच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. चाळीस पिवळ्या बसगाड्या तिच्या हाताखालून जायच्या, आणि त्यातली एकही कधी चढावर पोरांसकट बंद पडली नाही, हे ती निवृत्त झाली तेव्हा खुद्द साहेबानं भाषणात सांगितलं होतं.

वणवा विझला, जनावरं परतली, आणि व्हर्नानं आपली आठ सिलिंडरची, सतरा वर्षांची एसयूव्ही अंगणात उभी करून बॉनेट उघडलं. प्लग बदलले, इंधनाचा फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर तर नवाच होता. गाडी सपाटीवर बरी चाले, चढ आला की धाप लागे. तेव्हा तिच्या मनानं घेतलं, की कंपनीची हवेची नळी हिला पुरत नाही. वय झालं, ओझं वाढलं, हिला मोठा श्वास हवा. कोल्ड एअर इन्टेक बसवावा. म्हणजे इंजिनाच्या तापाबाहेरची गार हवा, रुंद नळीतून, जास्त प्रमाणात.

तीन आठवडे ती त्यावर विचार करत होती. कागदावर तीन अटी लिहिल्या. एक, फिल्टर बंद डब्यात हवा, उघडा नको. दोन, फिल्टर कोरडा हवा, तेल लावलेला नको. तीन, राज्याची मंजुरी हवी, कारण कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी गाडीची धूरतपासणी होते आणि मंजुरीच्या नंबराशिवाय असला कुठलाही भाग बॉनेटखाली दिसला की गाडी नापास. तो कागद घडी करून खिशात घातला आणि ती सोनोरातल्या हॉकडेच्या दुकानात गेली.

ब्रेंट हॉकडे चाळिशीचा, दाढी कोरलेला, हसरा माणूस. डोंगरातल्या अर्ध्या गाड्यांना मोठी चाकं आणि झगझगीत दिवे त्यानंच लावलेले. व्हर्ना आत आली तसा तो म्हणाला, "काय मग, तरुणी? मिस्टरांच्या गाडीसाठी काही?"

"मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. ते असतानाही ते गाडी नुसती चालवायचे. दुरुस्त मी करायचे."

"अरे वा!" ब्रेंट म्हणाला, आणि एखाद्या लहान मुलीनं पाढे म्हणून दाखवल्यावर करावं तसं कौतुक केलं. मग त्यानं काउंटरवर एक चकचकीत नळी ठेवली. तिच्या टोकाला लालभडक शंकूसारखा फिल्टर. "सगळ्यात जास्त हाच खपतो. आवाज ऐका एकदा, वाघ गुरगुरल्यासारखा."

"हा बसतो कुठं?"

"इथं. रेडिएटरच्या मागं."

"म्हणजे इंजिनाची गरम हवाच ओढणार. मग याला कोल्ड म्हणायचं ते कुणाच्या जोरावर?"

मागं दोघं गिऱ्हाईकं टायर बघत उभी होती, ती हसली. ब्रेंटही हसला, पण त्याचे कान तांबडे झाले. त्यानं दुसरा काढला. तो तेलाचा होता. व्हर्नानं तो हातातही घेतला नाही. "आमच्याकडं दर उन्हाळ्यात राख पडते. तेलावर राख बसली की त्याचा चिखल होतो. आणि तेल उडून पुढच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं की मग तुझा वाघ खोकायला लागतो."

"मॅडम, तुम्ही माझं दुकान बंद पाडणार," असं म्हणत ब्रेंट आत गेला आणि तिसरा घेऊन आला. त्यावर 'ग्लेशियर' असं निळ्या अक्षरांत लिहिलेलं. बंद डबा, वरती पारदर्शक झाकण, आत कोरडा कागदी फिल्टर. व्हर्नानं तो उलटासुलटा करून पाहिला. प्लास्टिक जाड होतं, सांध्याला रबर होतं. मनात भरला.

"मंजुरीचा नंबर?"

ब्रेंटनं डब्याची कड तिच्याकडं वळवली. चंदेरी चिठ्ठी, तिच्यावर अक्षरं आणि आकडे. "हा बघा. राज्यात कुठंही जा, अडणार नाही."

"माझ्याच इंजिनाचा आहे ना? दुसऱ्या कुठल्या गाडीचा नाही?"

तो तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मॅडम, माझ्या सख्ख्या आईच्या गाडीला हाच बसवलाय."

व्हर्नानं तो घेतला. उघड्या शंकूपेक्षा दुपटीनं महाग होता, पण तिच्या तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या. बसवायचं काम तिनं घरीच केलं. कंपनीचा जुना डबा आणि त्याच्यापासून इंजिनाकडं जाणारी नळी काढून, पुसून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम ट्रेलर जोडून ती प्रीस्ट ग्रेडवर गेली. चढावर अडतीस मैल! गाडी अशी निघाली की जणू कुणी तिच्या छातीवरचा दगड उचलला. व्हर्ना एकटीच गाडीत मोठ्यांदा हसली.

मग काय, जो भेटेल त्याला ती सांगत सुटली. चर्चमध्ये सांगितलं, जनावरांच्या खाद्याच्या दुकानात सांगितलं. आणि शेजारच्या मिला डाकानायला तर चारदा सांगितलं.

मिला फिलिपिन्समधून येऊन अकरा वर्षं इथं राहिलेली. डोंगरात विखुरलेल्या घरांमधून एकट्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, औषधं देणं, हा तिचा धंदा. रोज नव्वद मैल गाडी चालवायची. व्हर्नाला ती 'मनांग' म्हणे. त्यांच्या इलोकानो भाषेत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. गाडीचं तेल कसं बघायचं, फिल्टर कसा बदलायचा, हे सगळं तिला व्हर्नानंच शिकवलेलं. तिची एसयूव्हीही जुनी, वळणावर दमणारी.

"मनांग, खरंच फरक पडतो?"

"डोळे मिटून घे. मी सांगते ना!"

मिलानं घेतला. तिला व्हर्नासारखा वेळ नव्हता, म्हणून ब्रेंटच्याच दुकानात बसवून घेतला.

मार्चमध्ये व्हर्नाच्या गाडीची तपासणी आली. गेली वीस वर्षं ती एफ्राइन लेडेझ्माकडेच जायची. एफ्राइन बोलायला कमी आणि कामाला चोख. बसच्या कारखान्यात तिच्या हाताखाली चार वर्षं काढून मग स्वतःचं तपासणी केंद्र टाकलेला. त्यानं धूर मोजला, तो स्वच्छ होता. मग बॉनेट उघडलं, दिवा धरला, चिठ्ठीवरचा नंबर संगणकावर टाकला, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा टाकला.

"डोन्या व्हर्ना, हे तुम्ही कुठून घेतलं?" स्पॅनिशमध्ये बाईसाहेब म्हणतात तसं तो तिला अजून डोन्या म्हणे.

"हॉकडेकडून. का?"

"नंबर खरा आहे. पण तो तुमच्या गाडीचा नाही. चार सिलिंडरच्या एका छोट्या मोटारीच्या नळीचा आहे. ती बनवणारी कंपनीही केव्हाच बंद पडली." त्यानं पडदा तिच्याकडं वळवला. "या महिन्यातली ही चौथी."

व्हर्ना वाकली. चिठ्ठीच्या कोपऱ्याला तिनं नख लावलं, तशी ती अलगद सुटून आली. खऱ्या चिठ्ठ्या उचकटल्या की फाटतात, तुकडे होतात. मुद्दाम तशाच बनवतात. ही साधी, पाकिटावर पत्ता चिकटवतात तसली, चंदेरी कागदावर छापलेली.

तिनं नंबराबद्दल दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा तर तिच्या डोळ्यांत बघून त्यानं आईची साक्ष काढली होती.

"मी पास करू शकत नाही," एफ्राइन खाली बघत म्हणाला.

"केलंस तर तुझं तोंड बघणार नाही," व्हर्ना म्हणाली आणि थेट दुकानात गेली.

ब्रेंटनं सगळं शांतपणे ऐकलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, ही गोष्ट व्हर्नाच्या लक्षात राहिली.

"मॅडम, हे तपासणीवाले चिठ्ठी बघतात, गाडी बघत नाहीत. तुमचा जुना डबा आहे ना घरी? तपासणीच्या दिवशी तो लावा, पास व्हा, आणि परत हा लावा. सगळा डोंगर तेच करतो."

"मला डोंगराचं सांगू नकोस. तू मला काय सांगितलंस?"

"चढावर गाडी पळते की नाही?"

"पळते."

"मग तक्रार काय? कागदाच्या एका तुकड्याची?"

"खोटं बोललास त्याची!"

ब्रेंटनं हात वर केले, जणू बाई विनाकारण अंगावर येतेय. "बसवलेला माल परत घेत नाही. पावतीवर लिहिलंय बघा." आणि तिच्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला साहेब."

व्हर्ना घरी आली ती फणफणतच. पण अजून तो राग तिच्या एकटीपुरताच होता. खरा भडका उडाला तो दुसऱ्या दिवशी, मिला फाटकाशी येऊन उभी राहिली तेव्हा. अंगावर कामाचे निळे कपडे, हातात तपासणीचा नापासाचा कागद.

"मनांग, माझीपण गेली. तोच नंबर आहे. रविवारी गाडीची नोंदणी संपते, तपासणी पास झाल्याशिवाय ती नवी होत नाही, आणि माझ्या कामाच्या कंपनीनं सांगितलंय, नोंदणी नसेल तर कामावर येऊ नको."

व्हर्नानं तो कागद हातात घेतला. "तुझा जुना डबा कुठंय?"

"दुकानातच राहिला. ते म्हणाले, तुम्हाला याचा काय उपयोग, आम्ही टाकून देतो." आणि मग, व्हर्नाचा चेहरा पाहून, ती पटकन म्हणाली, "जाऊ दे मनांग. तुझी काय चूक? तू तर चांगल्यासाठीच सांगितलंस."

ते ऐकण्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोघी दुकानात गेल्या. मिलानं खालच्या आवाजात विचारलं, की माझा जुना डबा कुठं गेला. ब्रेंट म्हणाला, "थांबा हं, तुमच्या गाडीचा एक असेल मागं." तो मागच्या खोलीत गेला. दार उघडंच राहिलं, आणि व्हर्नानं आत डोकावून पाहिलं. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर ओळीनं जुने डबे. काळे, धुळकट, प्रत्येकावर खडूनं गाडीचं नाव आणि किंमत.

क्षणभर तिला अर्थच लागेना. मग लागला. हा माणूस लोकांना खोटी नळी विकत होता, त्यांचा खरा डबा टाकून देतो म्हणून काढून ठेवत होता, आणि ते नापास होऊन आले की त्यांचाच डबा त्यांना परत विकत होता.

ब्रेंटनं एक डबा आणून ठेवला. मिलानं झाकण उचललं. आतल्या बाजूला काळ्या मार्करनं एक तारीख लिहिलेली होती आणि तिच्या खाली एक छोटा क्रूस. फिल्टर बदलला की तारीख लिहायची, ही सवय व्हर्नानंच तिला लावली होती. क्रूस मात्र तिचा स्वतःचा.

"हा माझाच आहे," मिला म्हणाली.

"तारखा काय, कुणीही लिहितं."

"हे माझं अक्षर आहे."

"ताई, तो सोडून गेलेला माल आहे. आता दुकानाचा. हवा तर किंमत वर लिहिलीय."

मिलानं गप्पपणे पर्स उघडली. व्हर्नानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"मिला, पर्स बंद कर."

"मनांग, मला सोमवारी कामावर जायचंय. मिस्टर एबरसोलना माझ्याशिवाय कुणी नाही. त्यांना खुर्चीतून उठताही येत नाही."

"सोमवारी तू जाशील. पण स्वतःच्याच वस्तूचे पैसे या चोराला द्यायचे नाहीत. आज तू दिलेस, तर उद्या तो मला तोंड वर करून म्हणेल, बघा, सगळे देतात."

"तोंड सांभाळा हं," ब्रेंट म्हणाला. आता मात्र तो हसत नव्हता. "माझ्या दुकानात उभं राहून मला चोर म्हणता?"

"नाही म्हणत दुकानात," व्हर्ना म्हणाली. "बाहेर म्हणते."

शनिवारी सकाळी हॉकडेच्या आवारात गाडीवेड्यांचा मेळा भरे. कॉफी फुकट, डोनट फुकट, आणि पस्तीसचाळीस गाड्या बॉनेटं उघडून एकमेकींना मिरवून दाखवत उभ्या. व्हर्ना नऊ वाजता आली ती घोड्यांच्या ट्रेलरसकट, आणि बरोब्बर मधोमध गाडी लावून खाली उतरली. मिला यायला तयार नव्हती. तिला चारचौघांत तमाशा नको होता. व्हर्नानं तिला आग्रह करून आणलं आणि सांगितलं, "तू काही बोलू नकोस. नुसती उभी राहा."

तिनं बॉनेट उघडलं. सुटलेली चंदेरी चिठ्ठी पुन्हा डब्याला चिकटवून ठेवली होती, ती सगळ्यांदेखत नखानं काढली, आणि चालत जाऊन दुकानाच्या काचेवर थापली. मग बसच्या कारखान्यात भोंग्याच्या वर आवाज पोचवायची सवय असलेल्या त्या गळ्यानं तिनं तो नंबर वाचला. एकदा, दोनदा. "ज्यानं इथनं ग्लेशियर घेतलाय त्यानं आपला नंबर बघा. हाच असेल. आणि हा तुमच्या गाडीचा नाही. एका बंद पडलेल्या कंपनीच्या चार सिलिंडरच्या खेळण्याचा आहे!"

लोकांनी माना वळवल्या. कुणीतरी म्हणालं, "कोण ही?" कुणीतरी, "बसवाली व्हर्ना." एकजण डोनट चावत म्हणाला, "अहो बाई, एका चिठ्ठीसाठी एवढा आरडाओरडा? तपासणीच्या दिवशी बदलायचं, झालं."

"तुझा जुना डबा आहे तुझ्याकडं?"

"इथंच ठेवला होता."

"मग जा, मागच्या फळीवर बघ. खडूनं किंमत लिहिलीय त्याच्यावर. तुझा तुलाच विकायला ठेवलाय."

तो माणूस चावायचा थांबला.

लाकडाचे ट्रक चालवणारा डेल रिग्बी आपल्या गाडीशी उभा होता. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा, ब्रेंटचा जुना दोस्त. तिथल्या निम्म्या लोकांना त्यानंच या दुकानात आणलेलं. तो काही न बोलता आपल्या गाडीत वाकला, चष्मा लावला आणि आकडे वाचू लागला. वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला. "तोच आहे," तो म्हणाला. पलीकडच्या गाडीतून आवाज आला, "माझापण." मग आणखी एक. एकूण अकरा निघाले. आठ सिलिंडरच्या, सहाच्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या, आणि सगळ्यांच्या बॉनेटखाली एकच नंबर.

ब्रेंट बाहेर आला. "काय चाललंय? मॅडम, ही खासगी जागा आहे. गाडी काढा."

डेल त्याच्या समोर गेला. "ब्रेंट, माझ्या मुलीच्या गाडीला पण तूच लावून दिलास. ती मागच्या महिन्यात नापास झाली, आणि तू तिला जुना डबा विकलास. मला म्हणालास, कुठून तरी मिळवून दिला, ओळखीखातर." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "कुठून मिळवलास रे?"

"डेल, धंद्यात असं—"

"कुठून?"

ब्रेंट एक पाऊल मागं सरला. आणि तेवढ्यात व्हर्ना दुकानात शिरली, काउंटरच्या मागून सरळ मागच्या खोलीत गेली, आणि मिलाचा डबा काखेत मारून बाहेर आली.

"ही चोरी आहे!" ब्रेंट ओरडला. "मी शेरीफला बोलावतो!"

"बोलव की! मी जाते कुठं?" व्हर्नानं डबा ट्रेलरच्या चाकाजवळ ठेवला आणि त्याच्यावर बसली.

शेरीफचा माणूस अर्ध्या तासात आला. पोरसवदा होता, व्हर्नाच्या बसमधूनच शाळेत गेलेला असावा. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या, टोपी मागं सरकवली आणि मिलाला विचारलं, "बाई, हा तुमचा कशावरून?"

मिलानं झाकण उघडून दाखवलं. मग, कुणी सांगितलं नसताना, तिनं पर्समधून आपली रोजची वही काढली. कुणाला कोणतं औषध कधी दिलं ते लिहायची. तेच आकडे, तसाच आडव्या रेघेचा सात, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर तोच छोटा क्रूस. पोलिसानं वही बघितली, झाकण बघितलं, आणि ब्रेंटला विचारलं, "यांनी हा डबा तुम्हाला विकल्याचा कागद आहे?"

"सोडून गेल्या होत्या."

"कागद आहे का?"

कागद नव्हता. "मग मी यात चोरी लिहू शकत नाही. तुम्हाला कोर्टात जायचं तर जा," तो म्हणाला, आणि जाताजाता काचेवरच्या चंदेरी चिठ्ठीचा फोटो काढून घेऊन गेला.

मिला एवढा वेळ मान खाली घालून उभी होती. आता ती ब्रेंटकडं वळली आणि तिनं आयुष्यात कुणाला केला नसेल असा प्रश्न केला. "तुम्हाला माहीत होतं मी काय काम करते. मी गाडी घ्यायला आले तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही मला खाऊ दिल्यासारखी चावी हातात ठेवून म्हणालात, देव तुमचं भलं करो. असं कसं म्हणालात?"

मिला उत्तरासाठी थांबली नाही. ती जाऊन गाडीत बसली.

त्याच दुपारी व्हर्नानं तिचा डबा बसवून दिला. एफ्राइननं केंद्र बंद करायची वेळ टळली तरी थांबून तपासणी केली, आणि सोमवारी मिला मिस्टर एबरसोलच्या दारात वेळेवर हजर होती. व्हर्ना, डेल आणि आणखी नऊ जणांनी मिळून राज्याच्या कचेरीला तक्रार लिहिली. दोन महिन्यांनी माणसं आली, दुकानातले ग्लेशियरचे डबे गाडीत घालून घेऊन गेली, दंड झाला म्हणतात. फळ्यांवरचे डबे ज्याचे त्याला मिळाले. पण दुकान काही बंद पडलं नाही. जूनमध्ये ब्रेंट पुन्हा शनिवारी फुकट कॉफी वाटत होता, आणि त्याच्या आवारात पुन्हा वीसेक गाड्या उभ्या असायच्या. डोनट खाणारा तो माणूसही त्यात होता. व्हर्नाला हे जेव्हा कळलं तेव्हा तिनं हातातला पाना भिंतीवर भिरकावला. आईचं नाव घेऊन फसवणाऱ्याच्या हातची कॉफी माणसांच्या घशाखाली उतरते कशी, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही.

आणि एक गोष्ट राहिली. त्या शनिवारनंतर व्हर्नानं स्वतःच्या गाडीचा ग्लेशियर काढून पुरावा म्हणून पोलिसाला दिला आणि फळीवरचा जुना डबा परत लावला. ट्रेलर जोडून चढावर गेली. गाडीनं पुन्हा मान टाकली.

"म्हणजे लबाड होता, पण त्याचा माल चांगला होता की काय!" असं वाटून तिचा जळफळाट झाला. हे तिला पटेना. घरी येऊन तिनं पुढचं चाक काढलं, चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर सोडलं, आणि कंपनीच्या डब्याला हवा पुरवणारी जी नळी पत्र्याच्या आत दडलेली असते, ती ओढून बाहेर काढली. ती जड लागली. तिनं ती उलटी करून आपटली. गवत, लोकर, तिच्याच जुन्या रजईचा कापूस, अक्रोडाची टरफलं, असं मूठ मूठ बाहेर पडत राहिलं. उंदरांनी आत घर केलं होतं, कितीतरी वर्षांचं, नीट चेपून बसवलेलं. ग्लेशियर बसवला तेव्हा ही नळीच वाटेतून बाजूला झाली होती, म्हणून गाडी पळाली होती. चमत्कार वगैरे काही नव्हताच. कुठलीही नळी लावली असती, नुसता डबा उघडा ठेवला असता, तरी अडतीस मैलच मिळाले असते.

व्हर्ना त्या ढिगाशेजारी जमिनीवर बसून राहिली. सव्वीस वर्षं ती हाताखालच्या पोरांना सांगत आली होती: नवा भाग लावण्याआधी जुन्याला काय झालंय ते शोधा. आणि स्वतः मात्र अस्तराचे दोन स्क्रू सोडायचा कंटाळा केला, तीन अटींचा कागद करून दुकानात गेली, आणि वर ज्या बाईचं पोट गाडीवर आहे तिला म्हणाली, डोळे मिटून घे. ब्रेंटवर ती ओरडू शकली होती. इथं ओरडायचं कुणावर?

संध्याकाळ व्हायच्या आत ती मिलाच्या दारात गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. उंदीर, कापूस, नळी. "मी चुकीचं सांगितलं तुला. त्यानं खोटं सांगितलं, आणि मी चुकीचं. तुझे पैसे गेले, आठवडाभर जिवाला घोर लागला, तो माझ्या शब्दामुळं. जाऊ दे म्हणू नकोस. मला ते ऐकायचं नाही."

मिला दारात उभी होती, हातात भात ढवळायचा चमचा.

"बरं, नाही म्हणत," ती म्हणाली. "मला राग आला होता, मनांग. खूप आला होता. तुझ्यापाशी दाखवला नाही एवढंच."

"मग आता दाखव."

"आता जेवण झालंय तयार." तिनं चमचा आत ठेवला आणि गाडीची चावी खुंटीवरून काढली. "पण आधी माझं चाक काढ. माझी गाडीपण वळणावर दमते ना? माझ्याकडं कुणाचं घर आहे ते बघू दे."

व्हर्ना जॅक आणायला वळली.